ऑफिसात चालतंय, घरून नाही (किंवा उलटं): सर्व्हर तोच, मग आत-बाहेर वेगळं का वागतोय?

खालच्यातलं काही तुमच्याकडं होत असेल तर पुढं वाचा, नसेल तर सोडून द्या.

- ऑफिसच्या वायफायवर सॉफ्टवेअर उघडत नाही, तेच मोबाईल डेटावर झटकन उघडतंय. किंवा बरोबर उलटं, ऑफिसात सगळ्यांचं चालू आहे आणि मालक घरून लावतात तेव्हा नुसतं गोल फिरतंय.
- ऑफिसात बसून सर्व्हरचं नाव टाकलं की सॉफ्टवेअरच्या जागी राउटरचं लॉगिन पान समोर येतंय.
- एकाच पीसीवर सकाळी चालतंय, दुपारी नाही, रीस्टार्ट मारला की परत चालू.
- आत ब्राउझरमध्ये कुलूप दिसतंय, बाहेर 'नॉट सिक्युअर'.
- व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायचा खासगी रस्ता) कनेक्ट झालं म्हणतंय पण सर्व्हर काय सापडत नाही.
- लॉगिन होतंय, छोटी पानं येतायत, मोठा रिपोर्ट काढला की लटकलं.
- कॉन्फिग (सर्व्हरवरची सेटिंग) बदलली, आतून बदल दिसतोय, बाहेर अजून जुनंच.
- लाईट जाऊन आली की यातलं काहीतरी एक हमखास.

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात सर्व्हर आणि नेटवर्कची कामं करतो. मार्केट यार्डातली अडत दुकानं, कुपवाड एमआयडीसीतल्या फौंड्र्या, मिरजेतले दवाखाने, पतसंस्था, सगळीकडं मांडणी थोड्याफार फरकानं तीच: ऑफिसात एक सर्व्हर, आतली माणसं केबल-वायफायवरून वापरतात आणि मालक, सीए, फिरतीवरचा माणूस बाहेरून. आणि फोनवर पहिलं वाक्य पण तेच, "दादा, सर्व्हर परत बंद पडलाय." तर सर्व्हर बहुतेक वेळा बंद पडलेला नसतोच. नाव एक आहे, त्याची उत्तरं दोन आहेत, एक आतलं आणि एक बाहेरचं, आणि ती दोन उत्तरं दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या वेळी दोन वेगळ्या ठिकाणी हातानं लिहिलेली आहेत. एक बदललं की दुसरं तिथंच राहतं. बाकी सगळी भानगड त्यातनं येते.

पुढं समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. अडत दुकानाचं पट्टी करायचं सॉफ्टवेअर आहे, नाव पट्टी.उदाहरण.इन, सर्व्हरचा आतला पत्ता १९२.१६८.१.२० आणि बाहेरचा स्टॅटिक (न बदलणारा) आयपी २०३.०.११३.१०. तुमच्याकडं हे आकडे वेगळे असणार, ते आधी एका कागदावर लिहून घ्या, खरंच लिहून घ्या, कारण निम्म्या ठिकाणी हेच कुणाला सांगता येत नाही.

फुकटातलं आधी: वायफाय बंद करून बघा

मोबाईलचं वायफाय बंद करा, डेटावर तेच नाव उघडा. मग वायफाय चालू करून परत. मग ऑफिसच्या एका पीसीवर नावाऐवजी थेट आतला आयपी टाकून बघा. हे तीन उघडून बघायला दोन मिनिटं लागत नाहीत आणि अर्धं निदान इथंच होतं.

आतला आयपी टाकून उघडलं आणि नावानं नाही उघडलं, तर सर्व्हर ठणठणीत आहे, गडबड नावात म्हणजे डीएनएसमध्ये (नावाचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) आहे. (आयपी टाकल्यावर सर्टिफिकेटची, म्हणजे साईटच्या ओळखपत्राची, वॉर्निंग येणारच, तिच्याकडं आत्ता लक्ष देऊ नका.) डेटावर उघडतंय आणि वायफायवर नाही, तर बाहेरचा रस्ता बरोबर आहे, आतून बाहेर जाऊन परत आत यायचं जमत नाहीये. आत सगळं बरोबर आणि डेटावर नाही, तर राउटर किंवा इंटरनेट लाईन बघायची. कुठंच उघडत नसेल, आयपीनं पण नाही, तर मग सर्व्हरकडं जायचं, आधी नाही. माणसं काय करतात, थेट सर्व्हर रीस्टार्ट करतात, त्यानं कधीकधी योगायोगानं चालू पण होतं आणि मग दर आठवड्याला रीस्टार्ट हाच उपाय होऊन बसतो.

तारीख-वेळ

लाईट गेल्यानंतरची तक्रार असेल तर सर्व्हरवरची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर मशीन पूर्ण बंद होऊन चालू झाल्यावर कुठल्यातरी जुन्या वर्षात जातंय, आणि तारीख चुकली की त्या मशीनला सर्टिफिकेट 'अजून सुरूच झालेलं नाही' असं वाटतं. मग लॉगिनचे टोकन फेल, बाहेरचा बॅकअप फेल, सगळंच फेल. सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडं मिळतो. टाइम सिंक चालू आहे का तेही बघून घ्या.

नाव कुठं नेतंय ते बघा

ऑफिसच्या पीसीवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, आधी 'एनएसलुकअप' आणि पुढं नाव, मग 'पिंग' आणि पुढं नाव. दोन्हीत आलेला आयपी लिहून घ्या. दोन्ही का, तर एनएसलुकअप थेट डीएनएस सर्व्हरला विचारतं, आणि पिंग विंडोजच्या नेहमीच्या रस्त्यानं जातं, म्हणजे पीसीतली होस्ट्स फाईल आणि कॅश (आधीच्या उत्तरांची साठवण) पण धरून. दोघांचं उत्तर वेगळं आलं तर चोर त्या पीसीतच आहे.

होस्ट्स फाईल म्हणजे त्या पीसीपुरती नाव-पत्त्यांची यादी, ती सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरात असते, एक्स्टेन्शन नसलेली. नोटपॅड अॅडमिन म्हणून उघडून बघा. यार्डातल्या एका दुकानात दिवाणजींच्या पीसीवरच फक्त सॉफ्टवेअर उघडत नव्हतं, बाकी सगळ्यांचं चालू. फाईलच्या तळाला, बरीच मोकळी जागा सोडून (स्क्रोल केल्याशिवाय दिसत नाही अशी) एक ओळ होती: १९२.१६८.१.५ आणि पुढं पट्टी.उदाहरण.इन. आधीच्या व्हेंडरनं कधीतरी 'तात्पुरतं' म्हणून टाकलेली, त्यानंतर सर्व्हर बदलला, पत्ता बदलला, ओळ तशीच. ती काढायची, 'आयपीकॉन्फिग' ला 'फ्लशडीएनएस' जोडून कॅश साफ करायची, झालं. आणि एका पीसीवर अशी ओळ सापडली तर बाकीच्या पीसीवर पण बघून या, तात्पुरतं एकाच ठिकाणी कधी केलेलं नसतं.

'बॅकअप' म्हणून टाकलेला दुसरा डीएनएस

इथं जरा थांबतो, कारण 'कधी चालतंय कधी नाही' ही तक्रार सगळ्यात जास्त इथनंच येते.

ऑफिसात आतलं उत्तर देणारा डीएनएस आहे, समजा १९२.१६८.१.२. तो पट्टी.उदाहरण.इन विचारल्यावर १९२.१६८.१.२० सांगतो. मग कुणीतरी विचार करतं की हा बंद पडला तर इंटरनेट जाईल, म्हणून दुसऱ्या खान्यात ८.८.८.८ (गूगलचा सगळ्यांसाठीचा डीएनएस) टाकतं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण तो दुसरा खाना 'राखीव' असतो असं धरून चालू नका. पहिल्याकडून वेळेत उत्तर आलं नाही की पीसी दुसऱ्याला विचारतो, आणि त्यानंतर बराच वेळ त्यालाच विचारत बसू शकतो. ८.८.८.८ ला तुमच्या ऑफिसातलं काय माहीत असणार, तो जगाला सांगितलेलं उत्तर देणार, २०३.०.११३.१०. ते उत्तर ऑफिसातून चालत नसेल (का चालत नाही ते खाली आहे) तर सॉफ्टवेअर बंद. दुपारी बॅकअप चालू झाला, डीएनएसवालं मशीन जरा सुस्तावलं, दोन पीसी दुसरीकडं गेले, संध्याकाळी परत आले. बाहेरून बघणाऱ्याला हे भुताटकीसारखं दिसतंय आणि मग स्विच बदल, केबल बदल, वायफायला शिव्या घाल असं सुरू होतं.

उपाय साधा: आतल्या पीसींना फक्त आतले डीएनएस द्यायचे. राखीव पाहिजेच असेल तर दुसरा पण आतलाच ठेवायचा, तीच उत्तरं देणारा. बाहेरच्या नावांसाठी ८.८.८.८ ला विचारायचं काम त्या आतल्या डीएनएसनं करायचं, पीसीनं नाही.

हे राउटरच्या डीएचसीपीमध्ये (पीसींना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीत) बदललं तरी तीन ठिकाणं सुटतात. एक, ज्या पीसीवर आयपी-डीएनएस हातानं टाकलेलं आहे ते, तिथं जाऊनच बदलावं लागतं. दोन, आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, लांब पद्धत; जुनी ती आयपीव्ही४). राउटर आयपीव्ही४ साठी तुम्ही सांगितलेला डीएनएस देतो आणि आयपीव्ही६ वर स्वतःचा किंवा इंटरनेट कंपनीचा वेगळाच देतो, आणि पीसी तो पण वापरतो. 'आयपीकॉन्फिग' ला 'ऑल' जोडून डीएनएस सर्व्हर्सची ओळ पूर्ण वाचा, वरतीच लांबलचक कोलनवाला पत्ता दिसला की समजायचं. तीन, मोबाईल आणि ब्राउझर. अँड्रॉइडमध्ये आवृत्ती ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' आहे, जाहिराती बंद करायला म्हणून पोरं त्यात कुठल्यातरी सर्व्हरचं नाव टाकतात आणि मग तो फोन ऑफिसच्या डीएनएसला विचारतच नाही. ब्राउझरमधलं 'सिक्युअर डीएनएस' किंवा 'डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस' पण तसंच. तक्रार एकाच फोनची किंवा एकाच ब्राउझरची असेल तर आधी हे.

सर्व्हरनं स्वतःचा पत्ता बदललाय का

लाईट गेली, राउटर आणि सर्व्हर दोन्ही बंद झाले, परत आल्यावर राउटरनं सर्व्हरला .२० ऐवजी .३४ दिला. आता पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली मागणी राउटरनं कुणाकडं द्यायची तो नियम) .२० कडं आहे, आतला डीएनएस .२० सांगतोय, आणि .२० वर एखाद्या वेळी प्रिंटर येऊन बसलाय. राउटरमध्ये त्या सर्व्हरच्या मॅक अॅड्रेसवर (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावर) पत्ता रिझर्व्ह करा, किंवा सर्व्हरवर स्टॅटिक लावा आणि डीएचसीपीच्या रेंजबाहेरचा लावा. रेंजमधलाच स्टॅटिक लावलेला मी बऱ्याच ठिकाणी बघतो, तो कधीतरी भांडणारच.

बाहेरून नाही: लाईन बघा

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा आणि ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' शोधून आलेला बघा. दोन्ही एकच पाहिजेत. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या मोठ्या नॅटच्या मागं आहात, म्हणजे बऱ्याच ग्राहकांत बाहेरचा पत्ता एकच, पोर्ट फॉरवर्ड कितीही करा, बाहेरून कुणी आत येणार नाही. तिथं स्वतः खटपट करू नका, कंपनीला फोन करून स्टॅटिक पब्लिक आयपी मागा. स्टॅटिक घेतला असताना पण प्लॅन बदलला किंवा डबा बदलला की तो गेलेला असू शकतो.

वॅन आयपी १९२.१६८ किंवा १० नं सुरू होणारा असेल तर बहुधा मध्ये दुसरा राउटर आहे. फायबरवाल्याचा डबा स्वतः राउटर असतो, त्याच्या मागं तुम्ही तुमचा लावलाय, म्हणजे दोन दारं झाली आणि फॉरवर्ड एकाच दाराला केलंय. २०१९ च्या महापुरानंतर आपल्याकडं खूप जणांनी सर्व्हर खालच्या मजल्यावरून वर नेला, शहाणपणाचं केलं, पण नेताना वायर पुरेना म्हणून मध्ये घरातला जुना राउटर स्विच म्हणून जोडला आणि त्याचं डीएचसीपी तसंच चालू ठेवलं. अशी ठिकाणं अजून सापडतात. मधला राउटर काढून साधा स्विच लावा, आणि फायबरचा डबा ब्रिज मोडमध्ये (म्हणजे त्यानं स्वतः राउटरचं काम करायचं नाही) टाकायला कंपनीच्या माणसाला सांगा.

आतून नाही, डेटावर आहे: राउटरची वळणवाट

आतला पीसी बाहेरच्या आयपीला, म्हणजे २०३.०.११३.१० ला जोडू बघतो. तो आयपी राउटरचा स्वतःचाच. काही राउटर म्हणतात, हे तर माझ्यासाठीच आलंय, आणि स्वतःचं लॉगिन पान दाखवतात. काही पॅकेट वळवून सर्व्हरला देतात पण पाठवणाऱ्याचा पत्ता बदलत नाहीत, मग सर्व्हर बघतो की विचारणारा माझ्याच नेटवर्कातला आहे आणि राउटरला न सांगता थेट त्याला उत्तर देतो. पीसीनं विचारलं होतं २०३ ला आणि उत्तर आलं १९२ कडून. एका नंबरला फोन लावला आणि भलत्याच नंबरवरून कुणी "हां बोला" म्हणालं तर आपण जसं कट करतो तसं पीसी करतो.

राउटरमध्ये 'नॅट लूपबॅक' किंवा 'हेअरपिन नॅट' असा पर्याय असेल तर तो चालू केला की लगेच चालतं. घाईत असाल तर करा. पण कायमचा उपाय म्हणून मला तो पटत नाही. एक तर आतल्या आत जाणारी सगळी माहिती विनाकारण राउटरमधनं फिरते. दुसरं म्हणजे तो बहुतेक वेळा आतल्या माणसांचा पत्ता बदलून राउटरचा पत्ता लावतो, सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळे एकच दिसतात, आणि कुणी काय केलं ते शोधायची वेळ आली की बोंब.

बरा उपाय म्हणजे आतल्या डीएनएसनं आतला पत्ता सांगायचा, बाहेरच्यानं बाहेरचा. यात एक खड्डा आहे आणि त्यात लोक नेमानं पडतात. आतल्या डीएनएसवर उदाहरण.इन हा पूर्ण डोमेनच तयार करून ठेवतात. मग तो डीएनएस स्वतःला त्या डोमेनचा मालक समजतो आणि त्याच्याकडं नसलेल्या प्रत्येक नावाला 'असं काही नाही' असं ठोकून देतो, बाहेर विचारायला जात नाही. पट्टी चालू झालं, पण ऑफिसात कंपनीची वेबसाईट उघडेना, मेलचं नाव सापडेना, आणि ती वेबसाईट बाहेर सगळीकडं चालू. म्हणून फक्त त्या एकाच नावाचं उत्तर आत लिहा. डीएनएसचं सॉफ्टवेअर डीएनएसमास्क असेल तर अॅड्रेस म्हणून एका नावाची एक ओळ पुरते, अनबाउंडमध्ये लोकल-डेटाची एक ओळ. बाकी सगळं जसं बाहेर जातंय तसं जाऊ दे.

शॉर्टकट म्हणून बाहेरच्याच डीएनएस पॅनेलमध्ये १९२.१६८.१.२० टाकणारे पण भेटतात. काही राउटर बाहेरून आलेल्या उत्तरात खासगी पत्ता दिसला की सुरक्षेसाठी ते उत्तर फेकून देतात, आणि बाहेरच्या माणसाचा तर प्रश्नच मिटला. नका करू. तसंच सर्व्हरला 'पट्टी.लोकल' असं नाव देऊ नका, .लोकल हे २०१३ पासून वेगळ्या कामाला राखून ठेवलंय. फक्त आतलंच नाव पाहिजे असेल तर २०२४ मध्ये .इंटर्नल त्यासाठी राखलंय. पण माझं मत, आत-बाहेर एकच खरं नाव ठेवा. सर्टिफिकेट एकच लागतं आणि माणसांना दोन नावं शिकवावी लागत नाहीत.

सर्व्हरवरची कॉन्फिग

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तरच आता सर्व्हरमध्ये हात घाला, आणि सौदे चालू असताना नाही, संध्याकाळी.

आधी लिनक्सवर 'एसएस' कमांडनं (टीएलएनपी जोडून) सॉफ्टवेअर कुठल्या पत्त्यावर ऐकतंय ते बघा. १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर फक्त त्या मशीनवरच चालणार, बाकी कुणाला नाही. पुढं एनजिनएक्स (मागण्या घेऊन सॉफ्टवेअरकडं पोचवणारा वेब सर्व्हर) ठेवला असेल तर हे बरोबरच आहे, नसेल तर हेच कारण. मग फायरवॉल. विंडोज सर्व्हर असेल तर नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे का 'पब्लिक' ते बघा, राउटर बदलल्यावर विंडोज त्याला नवीन नेटवर्क समजून 'पब्लिक' करू शकतं आणि आतल्यांची दारं बंद होतात. लिनक्सवर डॉकर (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणारी सोय) असेल तर लक्षात ठेवा, डॉकरनं उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यू फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातो, तुम्हाला बंद दिसतो आणि असतो उघडा.

एनजिनएक्समध्ये आत-बाहेरचा सगळ्यात चिवट घोळ असतो तो बॅकअप फाईलचा. कॉन्फिग बदलायच्या आधी माणूस चांगल्या सवयीनं कॉपी करून ठेवतो, पण त्याच 'साईट्स-एनेबल्ड' फोल्डरात. डेबियन-उबंटू लिनक्सवर त्या फोल्डरातली प्रत्येक फाईल वाचली जाते, नाव काही का असेना. वाचायचा क्रम इंग्रजी अक्षरांचा. मूळ फाईल पट्टी.कॉन्फ आणि कॉपी बॅकअप-पट्टी.कॉन्फ असेल तर इंग्रजीत बी आधी येतो, पी नंतर, म्हणजे जुनी फाईल आधी वाचली जाणार, आणि एकाच पत्त्यावर एकाच नावाचे दोन ब्लॉक सापडले की पहिला चालतो, दुसऱ्याला फक्त एक वॉर्निंग देऊन सोडून देतात. तुम्ही नव्या फाईलमध्ये तासभर बदल करताय आणि बाहेर काही फरक पडत नाही. आतल्यांसाठी वेगळा पत्ता किंवा पोर्ट असेल आणि त्याची लिसन ओळ (कुठं ऐकायचं ते सांगणारी) फक्त नव्या फाईलमध्ये असेल तर आत नवं दिसतं, बाहेर जुनं, वर यादीत लिहिलेलं लक्षण नेमकं हेच. 'एनजिनएक्स' ला मोठा टी जोडून चालवलं की सगळी कॉन्फिग एकत्र छापून येते, कुठली ओळ कुठल्या फाईलमधली ते पण दिसतं. आणि लहान टी जोडून तपासल्याशिवाय रीलोड करायचं नाही. कॉपी ठेवायची तर दुसऱ्या फोल्डरात.

अजून एक, हे सुरक्षेचं आहे म्हणून नीट वाचा. 'फक्त १९२.१६८.१ वाल्यांना आत घ्या' असा नियम लिहिलेला असतो आणि सगळे निवांत असतात. पण मध्ये असा राउटर किंवा प्रॉक्सी (मधला मध्यस्थ सर्व्हर) असेल जो बाहेरून येणाऱ्यालाही स्वतःचा आतला पत्ता लावतो, तर सर्व्हरला अख्खं जग आतलंच दिसतं. मोबाईल डेटावरून अॅडमिन पान उघडून बघा. उघडलं तर बाकी सगळं सोडा, आधी ते बंद करा.

सर्टिफिकेट

आत कुलूप आहे आणि बाहेर नाही, म्हणजे दोन ठिकाणी दोन कॉप्या आहेत. दोन्हीकडून ब्राउझरमध्ये सर्टिफिकेटची मुदत बघा, तारखा वेगळ्या निघतील. एकीकडं रिन्यू झालं, दुसरीकडं कॉपी करायचं कुणाच्या ध्यानात नाही, किंवा फाईल आली पण सर्व्हिस रीलोड झाली नाही. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं सहसा ९० दिवसांचं असतं आणि मुदत संपत आल्याची मेल २०२५ पासून ते पाठवत नाहीत. विकतच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत पण १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून ४७ दिवस अशी ठरलीय, त्यामुळं वर्षातून एकदा हातानं टाकायचे दिवस गेले. रिन्यू करताना तपासणी सहसा बाहेरून पोर्ट ८० वर होते, तो बंद ठेवायचा असेल तर डीएनएसमध्ये टेक्स्ट रेकॉर्ड टाकून रिन्यू करायची पद्धत लावा, मग सर्व्हर बाहेर न उघडता आतल्यासाठी पण खरं सर्टिफिकेट मिळतं.

व्हीपीएन आणि लटकणारे रिपोर्ट

व्हीपीएन लागतंय पण सर्व्हर नाही: घरचा राउटर पण १९२.१६८.१ आणि ऑफिसचा पण. लॅपटॉप .२० ला घरातच शोधत बसतो. ऑफिसचं नेटवर्क बदला, १०.४७.२० असं कुणाच्या घरी नसेल असं काहीतरी. पण सगळे प्रिंटर, बायोमेट्रिक, कॅमेरे बदलावे लागतात, रविवार धरून ठेवा.

लॉगिन होतंय, मोठा रिपोर्ट लटकतोय, आणि फक्त बाहेरून: पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डनं जोडल्या जाणाऱ्या) लाईनवर पॅकेटचं माप १५०० नसतं, ८ बाइट त्यातच जातात, १४९२ उरतात. ऑफिसच्या विंडोज पीसीवरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करा, एफ आणि एल १४६४ लावून (२८ हेडरचे, मिळून १४९२). तेवढं जातंय आणि १४७२ जात नाही असं असेल तर राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट लाईनच्या मापात ठेवायला लावणारी सेटिंग) चालू करा. १४६४ पण गेलं नाही तर आकडा कमी कमी करत जा.

परत परत होऊ नये म्हणून

वरचं सगळं दुरुस्त केलं तरी आत-बाहेरची कॉन्फिग दोन ठिकाणी हातानं लिहिली जात असेल तर सहा महिन्यांनी परत हेच. एकच यादी ठेवा: नाव, आतला पत्ता, बाहेरचा पत्ता, पोर्ट, कुणाला परवानगी. आतला डीएनएस, एनजिनएक्स, फायरवॉल हे तिन्ही त्या यादीवरून तयार झाले पाहिजेत. दोन सर्व्हर असतील तर एक गिट फोल्डर (प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारा) आणि एक छोटी स्क्रिप्ट पुरते, उगाच मोठं काही लावू नका. चार-पाच सर्व्हर झाले की अॅन्सिबल (सगळ्या सर्व्हरना एका जागेवरून सेटिंग लावणारं साधन) शिकून घ्या, एकच साचा आणि आतल्या-बाहेरच्या गटाला वेगळी मूल्यं. त्यात 'चेक' आणि 'डिफ' लावून चालवलं की काहीही न बदलता काय बदलणार आहे ते दिसतं. हे आठवड्याला एकदा नुसतं चालवून बघायचं, मध्येच कुणी सर्व्हरवर जाऊन हातानं काही केलं असेल तर लगेच उघडं पडतं. लिनक्सवर 'ईटीसी-कीपर' टाकलं तर ईटीसी फोल्डरातले बदल नोंदले जातात, एकट्या सर्व्हरला तेवढंही चालतं.

आणि पत्ता बदलायचा असेल तर आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (जुनं उत्तर किती सेकंद धरून ठेवायचं तो आकडा) ३०० वर आणून ठेवा, नाहीतर तुम्ही बदलून मोकळे आणि लोकांकडं जुनंच.

इथं थांबा, माणूस बोलवा

ऑफिसात अॅक्टिव्ह डिरेक्टरी असेल, म्हणजे पीसी चालू करताना डोमेनचं लॉगिन लागत असेल, तर डीएनएसला स्वतः हात लावू नका. तिथं डीएनएस बिघडला की कुणाचंच लॉगिन होत नाही.

डोमेनच्या पॅनेलमधले एनएस (डोमेनचा डीएनएस कुठला ते) आणि एमएक्स (मेल कुठं जाणार ते) रेकॉर्ड कळत नसतील तर बंद करा ते पान. मेल बंद पडलेली दोन दिवसांनी कळते, तेही समोरच्या पार्टीचा फोन आल्यावर.

सर्व्हरच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नेटवर्कवाला नको, इलेक्ट्रिशियन बोलवा, अर्थिंग तपासा.

रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट थेट बाहेर उघडा सापडला तर तो आधी बंद करा. अनोळखी युजर किंवा फाईलींची नावं बदललेली दिसली तर नेटवर्कची केबल काढा आणि थांबा. फॉरमॅट नाही, रीस्टार्ट नाही, लॉग पुसायचे नाहीत. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २०२२ च्या आदेशाप्रमाणं अशी घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, पतसंस्था आणि दवाखाने असणाऱ्यांनी हे हलक्यात घेऊ नका. खात्यातनं पैसे गेले असतील तर १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) लगेच फोन.

३१ मार्चच्या आठवड्यात आणि हळदीच्या ऐन सीझनमध्ये चालू सर्व्हरची कॉन्फिग बदलायची नाही, कितीही छोटा बदल असला तरी. हेअरपिन चालू करून किंवा आयपीनं उघडून वेळ मारून न्या.

बोलावलेल्या माणसाला आल्या आल्या हे द्या: आतला-बाहेरचा आयपी लिहिलेला तो कागद, एनएसलुकअप आणि पिंगचे फोटो, वायफायवर आणि डेटावर काय झालं ते, आणि शेवटचा बदल कुणी कधी केला. राउटरचा आणि डोमेन पॅनेलचा पासवर्ड त्याच्या आधी शोधून ठेवा, नाहीतर जुन्या व्हेंडरला फोन लावण्यातच व्हिजिटचा पहिला तास जातो आणि बिल त्याचंही येतं.